अपात्रतेची तीन कारणे

शुक्रवार, ११ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावरून संदेश आला, तेव्हा मी आमच्याकडे असलेल्या एका जलशुद्धीकरण केंद्रावर उभी होते आणि ऑपरेटर दुसऱ्या गाळणीचे बॅकवॉश सुरू करत होता. दुसऱ्या एका नगरपरिषदेच्या निविदेत आमच्या फर्मचा तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रे, अपात्र ठरला होता आणि पात्र ठरलेल्या तिघांचे वित्तीय, म्हणजे दरांचे लिफाफे सोमवारी सकाळी अकरा वाजता उघडले जाणार होते. मध्ये शनिवार-रविवार, सोमवारनंतर मंगळवारी स्वातंत्र्यदिन आणि बुधवारी पारशी नववर्षाची सुट्टी. हे वेळापत्रक कोणी जुळवून आणले की ते आपोआप जुळले, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे वकीलसाहेबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की जे दाखवून देता येत नाही ते याचिकेत लिहायचे नाही.

काम होते मराठवाड्यातील त्या नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्राचे दोन वर्षांचे चालन व देखभाल-दुरुस्ती. अंदाजित किंमत १ कोटी ८६ लाख रुपये, बयाणा रक्कम १ लाख ८६ हजार. मोठ्या कंपन्यांना यात रस नसतो, पण आमच्यासारख्या लातूरच्या छोट्या फर्मच्या दृष्टीने असे एक काम म्हणजे दोन वर्षे बारा-चौदा माणसांचे पगार वेळेवर होण्याची खात्री. फर्म वडिलांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केली. मी स्थापत्य अभियंता झाल्यावर हळूहळू कारभार माझ्याकडे आला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरात आली त्या उन्हाळ्यात आम्ही तुरटीची मात्रा, क्लोरीनचे सिलिंडर आणि लोकांचे फोन यांत बुडून गेलो होतो, त्यामुळे अनुभवाच्या बाबतीत आम्ही कुठे कमी पडू, अशी शंका मला निविदा भरताना आली नव्हती.

अट अशी होती : मागील सात वर्षांत, किमान ८ एमएलडी, म्हणजे दररोज ऐंशी लाख लिटर क्षमतेच्या केंद्राचे सलग बारा महिने चालन केल्याचा ‘संबंधित सक्षम अधिकाऱ्याचा दाखला’ जोडावा. आमच्याकडे १० एमएलडी क्षमतेच्या केंद्राचा तीन वर्षांचा दाखला होता आणि तो त्या केंद्राचा ताबा ज्यांच्याकडे होता त्या उपअभियंत्यांच्या सहीशिक्क्याचा होता. संकेतस्थळावर अपात्रतेचे कारण म्हणून पाच शब्द होते : अनुभव दाखला निविदा अटीनुसार नाही. दाखल्यात नेमके काय कमी आहे, याविषयी एक अक्षरही नव्हते.

त्या रात्री मी एकच शहाणपणाचे काम केले. या निविदेत तांत्रिक लिफाफे उघडल्यानंतर सहभागी निविदाधारकांना एकमेकांची कागदपत्रे पाहण्याची सोय खुली होती, म्हणून पाचही जणांची सगळी कागदपत्रे उतरवून घेतली आणि मूल्यमापनाच्या पानांची तारीख-वेळेसह छायाचित्रे काढून ठेवली. दाखले शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसले तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. अपात्र ठरलेले आम्ही दोघे होतो, दुसरी फर्म नाशिककडची. दोघांच्याही दाखल्यांवर उपअभियंत्यांच्या सह्या होत्या. पण पात्र ठरलेल्या तिघांपैकी एकाच्या, म्हणजे ते केंद्र त्या वेळी प्रत्यक्ष चालवत असलेल्या ठेकेदाराच्या दाखल्यावरही उपअभियंत्यांचीच सही होती. पुढे जे काही झाले ते सगळे या एका सहीवर उभे राहिले.

शनिवारी मुख्याधिकाऱ्यांना ई-मेलने हरकत पाठवली आणि सोमवारी सकाळी साडेनऊला तीच हरकत कागदावर घेऊन नगरपरिषदेत पोहोचले. नगरपरिषदेवर तेव्हा प्रशासक होते, त्यामुळे एखाद्या नगरसेवकाकडे जाऊन गाऱ्हाणे मांडण्याचीही सोय नव्हती. आवक-जावक विभागातील लिपिकाने कागद उलटसुलट करून ‘साहेब नाही आले का?’ असे विचारले. फर्मची मालक मीच आहे, हे सांगून मी आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. मागण्या तीनच होत्या : अपात्रतेचे सविस्तर कारण लेखी द्यावे, फेरतपासणी करावी, आणि तोवर वित्तीय लिफाफे उघडू नयेत. अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या बाकावर बसून मी लॅपटॉपवर तिघांचे दर पाहिले. सध्याचा ठेकेदार अंदाजपत्रकीय दरापेक्षा २.७ टक्के कमी दराने न्यूनतम ठरला होता. आमचा दर ४.१ टक्के कमी होता, पण तो लिफाफा बंदच राहिला.

गुरुवारी, १७ ऑगस्टला उत्तर आले. त्यात दुसरे कारण होते : आपला दाखला कार्यकारी अभियंता यांच्या स्वाक्षरीचा नसल्याने ग्राह्य धरता येत नाही, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. कार्यकारी अभियंत्याची सही हवी, असे निविदेच्या चौऱ्याऐंशी पानांत किंवा दोन्ही शुद्धिपत्रकांत कुठेही लिहिलेले नव्हते. त्याच दिवशी न्यूनतम देकाराला स्वीकृतीपत्र दिल्याचेही कळले. आता अनामत रक्कम, करारनामा आणि कार्यादेश एवढेच बाकी होते, आणि आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक असते की कार्यादेश हातात पडून माणसे कामावर रुजू झाली की तक्रारीत दम राहत नाही.

मधल्या दोन मार्गांविषयी थोडक्यात सांगते. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ नुसार नगरपरिषदेच्या आदेशाची किंवा ठरावाची अंमलबजावणी तहकूब करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तसा अर्ज मी दिला आणि पोच घेतली. माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मूल्यमापन समितीचे इतिवृत्तही मागितले. पण माहिती अधिकाराची मुदत तीस दिवसांची आणि कार्यादेशाला लागणार तीन दिवस. अर्ज करणे आवश्यकच होते, कारण उद्या न्यायालयात ‘तुम्ही आधी कोणाकडे दाद मागितली?’ हा प्रश्न येतोच, पण त्यांच्यावर विसंबून बसणे म्हणजे निविदा सोडून देणे होते.

घरात त्या रात्री बरीच चर्चा झाली. अण्णांचे म्हणणे स्पष्ट होते, ‘पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आज हे काम गेले, उद्या दुसरे येईल. न्यायालयात गेलीस की दहा नगरपरिषदांत नाव होईल, आणि ते चांगल्या अर्थाने होणार नाही.’ त्यांची भीती निराधार नव्हती. आमचे एका ठिकाणचे पाच महिन्यांचे देयक अडकलेले होते आणि तिथले लेखापाल व इथले लेखापाल एकाच संवर्गातले, एकमेकांच्या ओळखीचे. मी नाशिककडच्या फर्मच्या मालकांना फोन केला आणि आपण दोघांनी मिळून याचिका करू, असे सुचवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘ताई, तुमचे बरोबर आहे, पण आम्हाला या भागात अजून पाय रोवायचे आहेत.’ मला राग आला, पण दोष देता आला नाही. तीच भीती आमच्याही घरात बसलेली होती.

वकीलसाहेबांची भेट छत्रपती संभाजीनगरला त्यांच्या कार्यालयात झाली. मी रात्रीच्या बसने गेले होते आणि सोबत फायलींचे दोन गठ्ठे होते. त्यांनी गठ्ठे बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘निविदापूर्व बैठकीला तुमच्याकडून कोण गेले होते?’ कोणीच गेले नव्हते. त्या दिवशी एका गावात पंपाची मोटार जळाली होती आणि बैठक म्हणजे चहापाण्याचा कार्यक्रम, असे मी समजत आले होते. ‘सक्षम अधिकारी म्हणजे कोण, हा एक प्रश्न तिथे लेखी विचारला असता तर आज आपण इथे बसलो नसतो,’ ते म्हणाले. निविदेची अटच सदोष असेल तर तिला आव्हान निविदा भरण्यापूर्वी द्यायचे असते. अटी मान्य करून, बयाणा भरून स्पर्धेत उतरल्यावर आणि हरल्यावर अट वाईट होती असे म्हणणाऱ्याला न्यायालय सहसा उभे करत नाही. म्हणून आमची तक्रार अटीविरुद्ध नसून अट लावण्याच्या पद्धतीविरुद्ध आहे, हे प्रत्येक परिच्छेदात दिसले पाहिजे, असे त्यांनी बजावले.

मग त्यांनी जे समजावले त्याने माझा अर्धा उत्साह ओसरला. टाटा सेल्युलर प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल हा या विषयाचा पाया मानला जातो. त्याचा साधा अर्थ असा की निविदेच्या निर्णयावर न्यायालय अपिलात बसत नाही. निर्णय योग्य होता का, हे ते पाहत नाही. निर्णय कसा घेतला गेला, त्यात मनमानी, पक्षपात किंवा दुष्टबुद्धी होती का, एवढेच पाहते. जगदीश मंडल विरुद्ध ओडिशा राज्य या निकालात तर न्यायालयाने सरळ सावध केले आहे की काल्पनिक गाऱ्हाणी, दुखावलेला अभिमान आणि धंद्यातील चढाओढ घेऊन येणाऱ्या निविदाधारकांच्या नादी लागू नये, आणि प्रक्रिया सदोष आढळली तरी सार्वजनिक हिताला बाधा येत आहे का, हेही तपासावे. हे वाक्य ऐकताना मला अवघडल्यासारखे झाले. ‘साहेब नाही आले का?’ या प्रश्नापासून सुरू झालेला माझा राग हा दुखावलेला अभिमानच नव्हता का? थोडा होता, हे मी त्यांच्यासमोर कबूल केले. ते म्हणाले, ‘असू द्या, फक्त तो कागदावर उतरू देऊ नका.’

त्याहून मोठी अडचण मार्च २०२२ च्या निकालाची होती. एन. जी. प्रोजेक्ट्स प्रकरणात, झारखंडमधील एका रस्त्याच्या कामासंदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना सांगितले आहे की पायाभूत सुविधांच्या कामांना स्थगिती देणे शक्यतो टाळावे आणि अन्याय झालाच असेल तर नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ च्या दुरुस्तीने असे मनाई हुकूम रोखणारी तरतूद आली आहे आणि तिच्या अनुसूचीत जलशुद्धीकरण केंद्रेही आहेत. समोरचे वकील पहिल्या पाच मिनिटांत हे काढतील, तेव्हा आपण स्थगिती मागू, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवायची नाही, असे ठरले. आपल्या बाजूने दोन आधार होते. वाराणसीच्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्याच्या निविदेसंबंधीच्या पोद्दार स्टील प्रकरणात १९९१ मध्ये न्यायालयाने निविदेच्या मूलभूत अटी आणि दुय्यम अटी यांत फरक केला होता, म्हणजे अनुभव ही मूलभूत अट, पण सही कोणाची हे दुय्यम, असा युक्तिवाद करता येणार होता. दुसरा आधार संविधानाच्या अनुच्छेद १४ चा : एकाच पदाच्या अधिकाऱ्याची सही एकाला चालते आणि दुसऱ्याला चालत नाही, हे समानतेत बसत नाही.

पुढचे दोन दिवस कागदांत गेले. न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने मराठी कागदांची भाषांतरे जोडावी लागतात, आणि ‘चालन व देखभाल-दुरुस्ती’ पासून ‘निवळण टाकीतील गाळ काढणे’ पर्यंत सगळे भाषांतरकाराशेजारी बसून समजावून द्यावे लागले. न्यूनतम ठरलेल्या ठेकेदाराला प्रतिवादी करणे अनिवार्य होते, कारण ज्याच्या पदरात काम पडले आहे त्याचे म्हणणे न ऐकता कोणतेही न्यायालय ते काढून घेणार नाही. सोमवारी, २१ तारखेला याचिका दाखल झाली. तातडीचे कारण देऊन प्रेसिपी, म्हणजे लवकर सुनावणीची लेखी विनंती दिली, सर्क्युलेशन, म्हणजे प्रकरण लगेच न्यायालयापुढे ठेवण्याची परवानगी मिळाली आणि मंगळवार, २२ ऑगस्ट ही तारीख लागली.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या जालना रोडवरील इमारतीत मी पूर्वी कधी गेले नव्हते. फलकावर आमचा क्रमांक ४६ होता आणि पुकारा व्हायला दुपारचे तीन वाजले. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर आमची सुनावणी जेमतेम सात मिनिटे चालली. अपेक्षेप्रमाणे स्थगिती मिळाली नाही. प्रतिवादींना नोटीस काढण्यात आली, पुढील तारीख ३१ ऑगस्ट, नोटीस हमदस्त बजावण्याची मुभा, आणि दरम्यान कार्यादेश दिला गेल्यास तो याचिकेच्या निर्णयाच्या अधीन राहील, एवढा आदेश झाला. मला ते अपयश वाटले. वकीलसाहेब मात्र खुशीत होते. ‘अधीन राहील’ हे दोन शब्द ज्या कार्यादेशावर टांगलेले असतील त्याच्या जोरावर नवीन पंप कोण विकत घेईल, असे त्यांनी विचारले. त्यांचा अंदाज बरोबर ठरला. हमदस्त म्हणजे नोटीस आपण स्वतः नेऊन द्यायची. मी ती दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत दिली तेव्हा त्याच लिपिकाने काही न विचारता शिक्का मारला, आणि कार्यादेश निघालाच नाही.

पण केंद्र तर चालू ठेवावेच लागते. त्यामुळे सध्याच्या ठेकेदाराला जुन्याच दराने महिन्या-महिन्याची मुदतवाढ मिळत गेली. माझ्या याचिकेने पहिला फायदा ज्याचा झाला तो माझा प्रतिस्पर्धीच होता. कोणत्याही निविदेच्या वादात जुन्या ठेकेदाराला घाई नसते, हे मला त्याआधी कधी लक्षात आले नव्हते.

३० ऑगस्टच्या रात्री नगरपरिषदेचे उत्तर शपथपत्र हाती आले आणि त्यात तिसरे कारण होते. आमचे केंद्र १० एमएलडी क्षमतेचे असले तरी प्रत्यक्षात तिथे दररोज साडेसहा एमएलडी पाणीच शुद्ध होत होते, म्हणून ८ एमएलडीचा अनुभव सिद्ध होत नाही, असे त्यात म्हटले होते. आकडा खरा होता. दाखल्यासोबत मीच जोडलेल्या मासिक अहवालांतून तो काढलेला होता. मराठवाड्यातील धरणे कधी किती भरतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला इथली केंद्रे वर्षातून किती महिने पूर्ण क्षमतेने चालतात, हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि तो ऑगस्ट महिना तर जवळजवळ कोरडाच गेला होता. शिवाय कमी पाण्यात केंद्र चालवणे सोपे नसते. धरणाचा तळ जवळ आला की गढूळपणा आणि वास दोन्ही वाढतात, तुरटीची मात्रा ठरवणारी जार टेस्ट दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि तुरटीचा हिशेब रोज बदलतो. पण हे सगळे मी रात्री अकरा वाजता फोनवर तावातावाने सांगू लागले तेव्हा वकीलसाहेबांनी मला थांबवले. ‘हे खरे असेल, पण त्याची गरज नाही. आपल्याला हवे ते त्यांनी स्वतःच लिहून दिले आहे,’ ते म्हणाले.

त्यांचा रोख १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणाकडे होता. पंजाबातील फिरोजपूर लोकसभा मतदारसंघातील निवडणुकीच्या त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की प्रशासकीय आदेशाची वैधता त्या आदेशात दिलेल्या कारणांवरच तपासली जाईल आणि नंतर शपथपत्रातून नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येणार नाही. निवडणुकीच्या प्रकरणातले तत्त्व पाणीपुरवठ्याच्या निविदेत कामी येईल, ही कल्पना मी केली नव्हती. ११ ऑगस्टला एक कारण, १७ ऑगस्टला दुसरे, ३० ऑगस्टला तिसरे. प्रत्युत्तर शपथपत्रात आम्ही फार काही लिहिले नाही. तीन तारखा आणि तीन कारणे असा एक साधा तक्ता केला आणि शेजारी सध्याच्या ठेकेदाराचा दाखला जोडला.

३१ तारखेला वेळ मागितला गेला. १२ सप्टेंबरच्या सुनावणीत समोरच्या वकिलांनी २०२२ चा निकाल, पाणीपुरवठ्याची तातडी, आम्ही निविदापूर्व बैठकीला गैरहजर असणे आणि निविदा काढणाऱ्यालाच तिच्या अटींचा अर्थ लावण्याचा अधिकार असणे, हे सगळे मुद्दे नीट मांडले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि खरे सांगायचे तर त्यातले निम्मे मला पटत होते. मग न्यायमूर्तींनी मूळ अभिलेख मागितला. मूल्यमापन समितीचा तपासणी तक्ता पुढे आला. त्यात प्रत्येक निविदाधारकाच्या नावापुढे रकाने होते, बरोबर आणि चूक अशा खुणा होत्या, खाली तीन सह्या होत्या, आणि अभिप्रायाचा रकाना पाचही ओळींत कोरा होता. कार्यकारी अभियंत्याची सही नाही, असेही त्यात नव्हते आणि साडेसहा एमएलडीही नव्हते. सध्याच्या ठेकेदाराच्या दाखल्यावर कोणाची सही आहे, असे न्यायमूर्तींनी विचारले. थोडा वेळ पाने उलटण्याचा आवाज येत राहिला.

नगरपरिषदेच्या वकिलांनी सूचना घेण्यासाठी दुपारपर्यंतची वेळ मागितली. साडेतीनला त्यांनी निवेदन केले की स्वीकृतीपत्र मागे घेऊन अपात्र ठरवलेल्या दोन्ही निविदाधारकांसह सर्व तांत्रिक लिफाफ्यांचे फेरमूल्यमापन तीन आठवड्यांत कारणांसह केले जाईल. खंडपीठाने ते निवेदन नोंदवून घेतले आणि याचिका निकाली काढली. गुणावगुणांवर काहीही मत दिले नाही, खर्चाबाबत आदेश नाही. माझ्या मनात कुठेतरी चित्रपटासारखा निकाल होता, ज्यात कोणीतरी ‘यांच्यावर अन्याय झाला’ असे मोठ्याने म्हणते. हातात आला तो पाऊण पानाचा आदेश, आणि त्यात आमच्या फर्मविषयी एकही विशेषण नव्हते. ज्याला या मार्गाने जायचे आहे त्याने हे आधीच मनाशी ठरवून ठेवलेले बरे : तिथे काम मिळत नाही, मिळाली तर तपासणीची दुसरी संधी मिळते.

फेरमूल्यमापनाच्या समितीत या वेळी बाहेरच्या कार्यालयातील एक अभियंता तांत्रिक सदस्य म्हणून होते. अभिप्रायाचा रकाना पाचही ओळींत भरलेला होता. स्थापित क्षमता हाच निकष धरला गेला, ज्या कार्यालयाकडे केंद्राचा ताबा आहे तिथल्या उपअभियंत्याला सक्षम अधिकारी मानले गेले, आणि आम्ही दोघेही पात्र ठरलो. संकेतस्थळावर टप्पा पुन्हा खुला करण्यात आणखी काही दिवस गेले. तिघांचे दर आधीच जाहीर झालेले असताना आमचे लिफाफे नंतर उघडणे कितपत न्याय्य, असा आक्षेप आला होता, पण जुलैमध्ये डिजिटल स्वाक्षरीने बंद केलेल्या लिफाफ्यातला आकडा बदलणे आम्हालाच काय, कोणालाही शक्य नव्हते, त्यामुळे तो टिकला नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबरला लिफाफे उघडले. आमचा दर ४.१ टक्के कमी. नाशिककडच्या फर्मचा दर ६.४ टक्के कमी. काम त्यांना गेले.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त वहीत हिशेब मांडला : वकिलांची फी, भाषांतरे, प्रवास, झेरॉक्स आणि खंडपीठाच्या आवारातले चहा धरून १ लाख ४२ हजार रुपये. मी त्याच्या खाली आणखी एक आकडा लिहिला. आधीच्या न्यूनतम देकारापेक्षा नव्या देकारात नगरपरिषदेचे दोन वर्षांत ६ लाख ८८ हजार २०० रुपये वाचणार होते. सार्वजनिक हित म्हणतात ते बहुधा हेच, पण ते आमच्या बँक खात्यात जमा होत नव्हते. अण्णांनी दोन्ही आकड्यांमध्ये रेघ ओढली आणि वही मिटली.

त्याच संध्याकाळी नाशिककडच्या मालकांचा फोन आला. आभार कसे मानावेत हे त्यांना सुचत नव्हते आणि ते कसे स्वीकारावेत हे मला. शेवटी त्यांनी विचारले की त्यांच्याकडे या भागात माणसे नाहीत, तर तुमच्याकडचे दोन ऑपरेटर देता का. मी आधी नाही म्हणाले. मग त्या दोघांनाच विचारले. एकाचे गाव त्या केंद्रापासून सहा किलोमीटरवर होते आणि त्याची आई आजारी असायची. तो जायला तयार झाला, आणि त्याच्याबरोबर दुसराही.

जाण्यापूर्वी दोघांनी अनुभवाचा दाखला मागितला. पूर्वी मी असा दाखला चार ओळींत देत असे. या वेळी केंद्राची स्थापित क्षमता, प्रत्येक वर्षी प्रत्यक्ष शुद्ध झालेले सरासरी पाणी, कामाचा सलग कालावधी आणि मूळ कार्यादेशाचा क्रमांक असे सगळे लिहिले. सहीखाली माझे नाव आणि पद घातले, आणि त्याखाली आणखी एक ओळ टंकून घेतली : हा दाखला देण्यास मी फर्मची मालक या नात्याने सक्षम आहे.